जुना वस्तरा व त्याचा जीर्णोद्धार

मनुष्याच्या घरांतील ज्या वस्तूंनीं त्याची नित्य सेवा केली, त्याच वस्तु सर्वांत आधीं अडगळींत जाऊन पडतात, असा जगाचा रिवाज दिसतो. पणजोबांची तरवार भिंतीवर मानानें टांगलेली असते. परंतु पणजोबांची दाढी ज्यानें आयुष्यभर केली, तो वस्तरा मात्र कोणत्या माळ्यावर गंजत पडला आहे, हें घरांत कोणासही ठाऊक नसतें. वास्तविक पाहतां, पोलादाची उत्तम परीक्षा तरवारीपेक्षां वस्तऱ्यांतच होते. तरवारीनें एक घाव नीट घातला म्हणजे तिचें काम झालें. वस्तऱ्यास मात्र मनुष्याच्या गळ्याच्या कोंवळ्या त्वचेवरून रोज फिरावयाचें असतें, आणि तेंही रक्ताचा एक थेंब न काढतां. अशा ह्या उपेक्षित वस्तूचा शोध कसा घ्यावा, तिची पारख कशी करावी, आणि गंजलेल्या पात्यास पुन्हा तेज व धार कशी आणावी, हें आमच्यासारख्या नवशिक्यास जेवढें समजलें तेवढें ह्या लेखांत सांगण्याचा विचार आहे. त्यांत आमच्या हातून घडलेली एक चूकही सांगावी लागेल. कारण यशापेक्षां चुकीनेंच आम्हांस अधिक शिकविलें.

बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या रस्त्यावर काटेवाडी हें गांव आहे. श्रीतुकाराममहाराजांची पालखी पंढरीस जातांना ह्या गांवीं येते, तेव्हां परीट बंधु तिच्यापुढें धोतरांच्या पायघड्या घालतात, आणि धनगरांचीं मेंढरें पालखीभोंवतीं धांवून रिंगण करतात. हा सोहळा आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. ज्याची जी विद्या, ज्याचें जें धन, तें त्यानें त्या दिवशीं सेवेस लावावें, असा त्यांतला भाव आहे. ह्याच भावानें वारीच्या वाटेवर ठिकठिकाणीं नाभिक बंधु वारकऱ्यांची श्मश्रू विनामूल्य करीत बसलेले दिसतात. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही पालखीच्या दिवशीं काटेवाडीस गेलों असतां, अशाच एका वृद्ध नाभिक गृहस्थांशीं आमचें बोलणें झालें. त्यांच्या हातांत आजकालचें, अर्धें पान अडकवावयाचें हत्यार होतें. "जुना वस्तरा आतां कोणी वापरीत नाहीं काय?" असें आम्हीं सहज विचारलें. ते हंसून म्हणाले, "गुरुजी, वस्तरा आहे माळ्यावर. वापरणारा हात राहिला नाहीं."

पुढें सवडीनें आम्ही त्यांच्या घरीं गेलों. त्यांनीं माळ्यावरून आपल्या आजोबांची चामड्याची धोकटी काढविली. आंत एक नराणी, एक कात्री, पितळेची वाटी, पारा उडालेला आरसा, झिजून मध्यें खोल झालेला निसणा, आणि चिंध्यांत गुंडाळलेले दोन वस्तरे होते. दोन्ही गंजानें तांबडे झाले होते. त्यांचा नातू हायस्कुलांत शिकणारा. तो दारांत उभा राहून हें सर्व पाहत होता. तो म्हणाला, "मीं हें सगळें भंगारवाल्यास द्यावयाचें ठरविलें होतें. शाळेंत मुलें चिडवितात." वृद्ध गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं दोहोंपैकीं अधिक खराब दिसणारा वस्तरा आमच्या हातीं दिला, आणि एवढेंच म्हणाले, "ह्याला धार आली तर एकदां दाखवावयास आणा."

मुलाचें तें वाक्य आमच्या मनांत राहिलें. ज्या हत्याराची लाज वाटावी असें त्यास कोणी शिकविलें, त्या हत्याराचा इतिहास त्यास कोणीं सांगितला असता तर बरें झालें असतें. बारा बलुतेदारांत न्हाव्याचें स्थान होतें. सुगीच्या वेळीं धान्याच्या रूपानें त्यास बलुतें मिळे, आणि लग्नकार्यांत त्याच्यावांचून पान हालत नसे. संत सेना न्हावी ह्यांनीं आपल्या अभंगांत ह्याच धोकटींतील वस्तूंस परमार्थाचीं रूपकें बनविलें. आणि १८९० सालीं मुंबईंत, नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या प्रेरणेनें, नाभिकांनीं विधवांचें केशवपन न करण्याचा निर्धार केला. त्या काळीं विधवेच्या मस्तकावर वस्तरा चालविणें ही रूढि होती, आणि तें नाकारणें म्हणजे मिळकतीचा एक भाग सोडणें होतें. हातांत वस्तरा असलेल्या मनुष्यांनीं तो खालीं ठेवून एका अन्यायास नकार दिला, ही गोष्ट आमच्या मतें कोणत्याही तरवारीच्या पराक्रमाहून कमी नाहीं.

आतां वस्तऱ्याच्या पोलादाकडे वळूं. लोखंडांत कर्बाचें प्रमाण शेंकडा १ किंवा त्याहून किंचित अधिक असलें, म्हणजे वस्तऱ्यास योग्य असें कठीण पोलाद होतें. असें पोलाद मुशींत वितळवून काढण्याची विद्या दक्षिण हिंदुस्थानांत फार प्राचीन काळापासून होती. कानडींत त्यास उक्कू म्हणतात, आणि इंग्रजांनीं त्याचें 'वूट्झ' असें रूप केलें. इंग्लंडांत शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन ह्यानें मुशींतील पोलाद काढण्याची रीत १७४० नंतरच्या दशकांत बसविली, आणि त्यामुळें शेफील्डच्या वस्तऱ्यांची कीर्ति झाली. १७९४ सालीं मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट ह्यांनीं ह्या देशी पोलादाचे नमुने लंडनास सर जोसेफ बँक्स ह्यांजकडे पाठविले. जेम्स स्टोडार्ट नांवाच्या लंडनच्या हत्यारकारागिरास तें पोलाद इतकें आवडलें कीं, तो त्यापासून सुऱ्या व शस्त्रें बनवूं लागला. पुढें ह्याच स्टोडार्टाबरोबर, विजेच्या शोधांनीं पुढें जगद्विख्यात झालेल्या मायकेल फॅरेडे ह्यानें पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले, व ते १८२० आणि १८२२ सालीं प्रसिद्ध झाले. पोलादांत अत्यल्प रुपें मिसळावें असें त्यांत एक मिश्रण होतें. त्याचा बोलबाला इतका झाला कीं, रुप्याचा कणही नसलेल्या वस्तऱ्यांवर 'सिल्व्हर स्टील' हीं अक्षरें कोरण्याची चाल पडली. म्हणून असा वस्तरा हातीं आला तर त्यांत चांदी आहे अशा समजुतीनें जास्त दाम मोजूं नये.

वस्तऱ्याचा जन्म कोठें व केव्हां झाला, हें बहुधा त्याच्या शेपटीवर, म्हणजे पातें व मूठ ह्यांच्या सांध्याजवळील भागावर, ठोकलेल्या छापावरून कळतें. शेफील्ड हें इंग्लंडांतील व सोलिंगेन हें जर्मनींतील अशीं दोन मोठीं केंद्रें. स्वीडनांतील एस्किल्स्टुना येथील वस्तरेही नांवाजलेले होते. तारा व क्रूस अशी जोडखूण असेल तर तो शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स पेढीचा. जुळ्या भावांचें चित्र असेल तर तो सोलिंगेनच्या हेंकेल्स पेढीचा. १८९० सालीं अमेरिकेनें जकातीचा असा कायदा केला कीं, परदेशी मालावर देशाचें नांव असलेंच पाहिजे. म्हणून ज्यावर गांवाबरोबर 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असें देशाचेंही नांव आहे, तो वस्तरा साधारणपणें १८९१ नंतरचा समजावा. पात्याच्या घाटावरूनही अंदाज होतो. फार जुनीं पातीं पाचरीसारखीं जाड असतात. पुढें पुढें दोन्ही बाजूंनीं खोलगट घांसलेलीं, हलकीं व पातळ पातीं होऊं लागलीं. पात्याची रुंदी इंचाच्या अष्टमांशांत मोजण्याची रीत आहे. पांच अष्टमांश व सहा अष्टमांश हीं मापें नेहमींचीं होत.

ह्या हत्याराचें राज्य गेलें तें किंग कँप जिलेट ह्या अमेरिकन गृहस्थाच्या शोधामुळें. बदलावयाच्या पातळ पानाच्या वस्तऱ्याची त्याची सनद १९०४ सालची आहे. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सरकारनें आपल्या सैनिकांस असे लाखों वस्तरे पुरविले, आणि युद्धांतून परत आलेल्या तरुणांनीं तीच संवय घरीं नेली. आपल्याकडे केशकर्तनालयांतून जुना वस्तरा बराच काळ टिकला. परंतु रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांचें ज्ञान जसजसें वाढलें, तसतसें प्रत्येक गिऱ्हाइकास नवें पान लावण्याची रीत रूढ झाली. ही रीत योग्यच आहे, आणि तिच्याविरुद्ध आमचें कांहींएक म्हणणें नाहीं.

आतां आमच्या चुकीची हकीकत. वृद्ध गृहस्थांनीं दिलेला वस्तरा घरीं आणल्यावर आम्हांस घाई झाली. आम्ही तो विजेच्या चाकावर सुऱ्या-कात्र्यांस धार लावून देणाऱ्या एका दुकानीं नेला, आणि दुकानदार "हें काम चाकाचें नव्हे" असें म्हणत असतांही आम्हीं आग्रह धरला. ठिणग्या उडाल्या, गंज गेला, पातें चकाकलें. आणि पाहतां पाहतां त्याच्या धारेवर मोरपिसासारखी निळी झांक पसरली. आम्हांस ती सुंदर वाटली! वस्तुतः तो त्या पोलादाचा मृत्यु होता.

असें कां झालें, हें विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. वस्तरा घडविणारा पातें सुमारें ७५० ते ८०० अंशांपर्यंत लालबुंद तापवून एकदम थंड करतो. त्यामुळें पोलाद कांचेसारखें कठीण पण ठिसूळ होतें. नंतर तें सुमारें १५० ते २०० अंशांपर्यंत पुन्हा हळूच तापवितात. तेणेंकरून काठिण्य फारसें कमी न होतां ठिसूळपणा तेवढा जातो. ह्यास पाणी देणें असें आपल्याकडे म्हणतात. पुढें केव्हांही पातें ह्या मर्यादेपलीकडे तापलें, तर दिलेलें पाणी उतरतें. तापलेल्या पोलादावर आधीं गवती पिंवळा, मग तपकिरी, मग जांभळा, व सुमारें ३०० अंशांवर निळा असे रंग चढतात. निळा रंग दिसला म्हणजे धार मऊ झाली असें निश्चित समजावें. मग ती कितीही घांसली तरी टिकत नाहीं. वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते कीं, चाकावर ती एका निमिषांत ह्या रंगास पोंचते. म्हणून पहिला नियम हा कीं, जुन्या वस्तऱ्यास विजेचें चाक लावूं नये. जें करावयाचें तें हातानें, पाण्यानें व सावकाश करावें.

तें मेलेलें पातें घेऊन आम्ही खालच्या मानेनें काटेवाडीस गेलों. वृद्ध गृहस्थांनीं तें उजेडाकडे धरलें, निळा रंग पाहिला, आणि नातवास हांक मारून म्हणाले, "बघ, गुरुजींनींसुद्धां हें शिकावयाचें आहे. सोपें असतें तर मीं सात वर्षें आजोबांच्या हाताखालीं कशाला काढलीं असतीं?" आणि मग त्यांनीं दुसरा वस्तरा, आजोबांचा आवडता, आमच्यापुढें ठेवला. एवढा विश्वास मिळण्यासारखें आम्हीं कांहींच केलें नव्हतें. ह्या वेळीं मात्र आम्हीं घाई केली नाहीं.

नवशिक्यानें जुना वस्तरा शोधावयाचा कोठें? पहिली जागा आपलें घर व आपले आप्तस्वकीय. माळे, फडताळें, जुन्या पेट्या, आजोबांच्या दाढीच्या सामानाचा डबा, हीं सर्व पाहावीं. दुसरी जागा भंगाराचें दुकान. तेथें तो लोखंडाच्या भावानें मिळतो, आणि दोन दिवस उशीर झाला तर भट्टींत जातो. तिसरी जागा जुने बाजार. पुण्याचा बुधवारीं व रविवारीं भरत आलेला जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार हे त्यांत प्रसिद्ध आहेत. परंतु तेथील विक्रेते जाणते असल्यामुळें भाव जाणतेपणाचाच पडतो. आपला बारामती-इंदापूरचा प्रदेश पर्जन्यछायेंतील, कोरड्या हवेचा; त्यामुळें येथील माळ्यावरचीं पातीं कोंकणांतील दमट हवेंतल्या पात्यांपेक्षां बरीं राहण्याचा संभव अधिक, हाही एक लाभच म्हणावयाचा. मात्र एक गोष्ट ध्यानांत असावी. कोणाच्या घरांतील वस्तु भंगार म्हणून मागण्यापूर्वीं ती त्यांच्या कोणाची होती, हें अवश्य विचारावें. पुष्कळदां त्या एका प्रश्नानेंच घरच्या मंडळींस आपल्या वस्तूची ओळख पटते, आणि ती वस्तु घरींच राहते. त्यांत आपला तोटा नाहीं.

वस्तरा हातीं आल्यावर त्याची पारख अशी करावी. प्रथम धार पाहावी. गंज वरवरचा असेल तर भीति नाहीं. पण गंजानें धारेजवळ खोल खळगे पाडले असतील, तर तेथें धार कधींच अखंड होणार नाहीं. नंतर पातें उजेडाकडे धरून केंसासारखी चीर आहे काय, हें भिंगानें पाहावें. चिरलेलें पातें पुढें केव्हां तरी मोडावयाचेंच. तें घेऊं नये. धारेची रेषा सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली असावी. मध्यें आंत गेलेली असेल तर फार पोलाद घांसावें लागतें. शेवटीं पाठ पाहावी. दगडावर वर्षानुवर्षें घांसून पाठीवर दोन्ही बाजूंस सपाट पट्टी उमटलेली असते. ती दोन्हीकडे सारखी व अरुंद असेल, तर पूर्वीच्या धन्याचा हात चांगला होता असें समजावें. वृद्ध गृहस्थांच्या आजोबांच्या वस्तऱ्यावरील ती पट्टी पाठीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सुतासारखी सरळ होती. ज्या मनुष्याचें आम्हीं छायाचित्रही पाहिलें नाहीं, त्याचा स्वभाव आम्हीं त्या पट्टींत पाहिला.

मुठीकडेही लक्ष द्यावें. मूठ शिंगाची, हाडाची, लांकडाची किंवा सेल्युलॉइडची असते. शिंगास कीड लागते. हाडावर बारीक काळे ठिपके दिसतात. सेल्युलॉइड जुनें झालें म्हणजे त्यांतून आम्लाची वाफ निघते, व तिनें पातें जेथें मुठींत मिटतें नेमकें तेथेंच गंजतें. अशी मूठ वेगळी करून पातें दूर ठेवावें. सेल्युलॉइड भडकन पेटतें, म्हणून त्याची परीक्षा तापल्या सुईनें करण्याचा अविचार कोणी करूं नये. हस्तिदंताची किंवा कांसवाच्या पाठीची मूठ असेल, तर तिच्या खरेदी-विक्रीच्या फंदांत पडूं नये. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याचा तेथें संबंध येतो.

आतां सफाई. ही पायरी विद्यार्थ्यांनीं वडील मंडळींच्या देखतच करावी. गंजलेली धार बोथट दिसली तरी कापते. म्हणून प्रथम कांचेच्या ग्लासच्या बुडावर धार अलगद दोनतीनदां ओढून ती मुद्दाम मारावी. पुढें ती नव्यानें आणावयाचीच आहे. नंतर कोमट पाणी व साबण ह्यांनीं जुना मळ व चिकटलेलें तेल काढावें. उकळतें पाणी नको. त्यानें शिंगाची मूठ वांकडी होते. मग पातें सपाट फळीवर आडवें ठेवून, हार्डवेअरच्या दुकानांत मिळणारा वॉटर पेपर पाण्यांत भिजवून त्यानें घांसावें. ४०० आंकड्यापासून प्रारंभ करून ६००, १०००, २००० असें चढत जावें. घांसतांना हात नेहमीं पाठीकडून धारेकडे जावा, आणि धारेच्या अलीकडेच थांबावा. धारेवरून बोट सरकलें तर काय होईल, हें सांगणें नको. आधींच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याविना पुढचा कागद घेऊं नये. गणितांतील एक पायरी गाळणारा विद्यार्थी शेवटीं जसा मागें येतो, तसाच हा मागें येतो.

चिंच किंवा लिंबू चोळून गंज काढण्याची चाल घरोघर आहे. आम्लानें गंज निघतो हें खरें. परंतु तें पोलादही खातें. वापरल्यास चारदोन मिनिटांपेक्षां अधिक ठेवूं नये, आणि लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुऊन पातें कोरडें करावें. तांबडा गंज सर्व काढावा. परंतु काळसर डाग घट्ट बसलेले असतील, तर ते राहूं द्यावे. तो काळा थर पोलादास पुढील गंजापासून कांहीं अंशीं राखतो. शिवाय म्हाताऱ्या मनुष्याच्या सुरकुत्या खरडून त्यास तरुण करण्यांत शोभा नाहीं. पेढीचा छाप तर कधींच घांसूं नये. तो गेला म्हणजे वस्तऱ्याचें नांवगांव गेलें.

कोरड्या पात्यास तेल लावावयाचें, तें शिवणयंत्राचें. आमच्या भागांत करडईचें तेल घरांत असतें. परंतु करडई व जवस ह्यांचीं तेलें हवेनें सुकून चिकट पापुद्रा धरतात, म्हणून तीं ह्या कामास योग्य नव्हेत. खिळ्याच्या सांध्यांत एक थेंब सोडून मूठ चारपांचदां उघडमीट करावी. सांधा सैल असेल, तर पातें बंद होतांना मुठीस आपटून धारेस दांते पडतात. असा खिळा लहान हातोडीनें अगदीं हलके हलके ठोकून घट्ट करावा. जोराचा एक ठोका बसला तर मूठ उलते.

येथपर्यंत वस्तरा सुंदर झाला, पण उपयोगी झाला नाहीं. त्याचा प्राण धारेंत आहे, आणि धार दगडांत. धार लावावयाचे दगड आज कणांच्या आंकड्यांवरून मिळतात. १००० आंकड्याच्या दगडावर धारेचा आकार बसतो, ४००० वर ती नितळ होते, व ८००० आणि १२००० वर तिला शेवटचा हात बसतो. दगड अगदीं सपाट पाहिजे. त्यावर पेन्सिलीनें चौकडी आंखून तो सपाट पृष्ठावर घांसला, आणि सगळ्या रेषा सारख्या पुसल्या गेल्या, म्हणजे तो सपाट झाला असें समजावें. वृद्ध गृहस्थांचा निसणा मध्यें खोल होता, म्हणून तो आम्हीं वापरला नाहीं. पण त्याची खोली पाहून किती पिढ्यांचे हात त्यावरून गेले, ह्याचा हिशेब मनांत आल्याविना राहिला नाहीं.

पातें दगडावर ठेवतांना पाठ व धार दोन्ही एकाच वेळीं टेकलेल्या असाव्यात. पाठ कधींही उचलूं नये. ह्यांत वस्तरा घडविणाऱ्याचें चातुर्य आहे. विळीस किंवा सुरीस धार लावतांना कोन आपल्या हातानें सांभाळावा लागतो. वस्तऱ्याचा कोन मात्र त्याच्या पाठीच्या जाडींतच बांधलेला असतो. आमच्या वस्तऱ्याची पाठ ५ मिलिमीटर जाड, व पाठीपासून धारेपर्यंत रुंदी १८ मिलिमीटर. पाठीची निम्मी जाडी अडीच. तिला १८ नीं भागिलें असतां सुमारें ०.१३९ येतात, ज्या कोनाची ज्या एवढी, तो कोन सुमारें ८ अंशांचा. दोन्ही बाजू मिळून धारेचा कोन १६ अंश झाला. त्रिकोणमितीचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण वहींत उतरून घ्यावें. काटेवाडीच्या त्या नातवानें तें आमच्यादेखत सोडविलें, आणि उत्तर आल्यावर तो वस्तऱ्याकडे प्रथमच कुतूहलानें पाहूं लागला.

दगडावर पातें धारेच्या दिशेनें पुढें न्यावें, जणूं दगडाचा पातळ पापुद्रा काढावयाचा आहे. आणि परत आणतांना तें पाठीवर उलटवावें, धारेवर नव्हे. दाब वस्तऱ्याच्या वजनाएवढाच. दोन्ही बाजूंस फेऱ्या सारख्या. शेवटीं चामड्याच्या पट्ट्यावर उलट दिशा, म्हणजे पाठ पुढें व धार मागें. धार पुढें गेली तर पट्टाच कापला जातो. पट्टा ताठ ओढलेला असावा. सैल पट्ट्यावर धार गोल होते. आधीं जाड्या सुती पट्ट्यावर पंचवीस, मग चामड्यावर पन्नास फेऱ्या, असा साधारण क्रम आहे. भिंगाखालीं धार पाहावी. कोठेंही उजेडाची चमक दिसली, तर तेवढी जागा अद्याप बोथट आहे. खरी धार प्रकाश परत देत नाहीं, कारण ती इतकी बारीक कीं, प्रकाशास टेकावयास तेथें जागाच नसते.

केंसासारखी मऊ वस्तु पोलादास बोथट कशी करते, हें कोडें पुष्कळांस पडतें. २०२० सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञानसंस्थेच्या संशोधकांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं हें पाहिलें. धार केवळ झिजत नाहीं. पोलादाची अंतर्रचना सर्वत्र एकसारखी नसल्यामुळें, केंस धारेच्या बाजूस विशिष्ट कोनांत वांकला असतां तिच्या कडेचे सूक्ष्म टवके उडतात. म्हणून श्मश्रूपूर्वीं केंस कोमट पाण्यानें चांगले भिजविण्याचा जुन्या कारागिरांचा आग्रह योग्यच होता. भिजला केंस मऊ होतो, आणि त्वचा व धार दोहोंसही त्यापासून सुख आहे.

येथें एक गंभीर इशारा. दुसऱ्याचा वस्तरा स्वतःच्या गालास लावूं नये, व आपला दुसऱ्यास देऊं नये. कावीळ ब व क, तसेच एड्स ह्या रोगांचे विषाणु रक्तावाटे पसरतात, आणि न दिसणारा ओरखडाही त्यांस पुरेसा असतो. बाजारांतून आणलेला वस्तरा आधीं साबणानें व मग स्पिरिटानें शुद्ध करावा. शाळकरी मुलांनीं तर जीर्णोद्धाराचें काम वडिलांबरोबर करावें, वापराचें नांव काढूं नये. वापरणें ही वेगळी विद्या आहे. ती पुस्तकानें येत नाहीं.

दुसरा वस्तरा तयार होण्यास आम्हांस तीन महिने लागले. शेपटीवर 'शेफील्ड' व 'इंग्लंड' अशीं पुसट अक्षरें निघालीं. म्हणजे तो १८९१ च्या आधींचा बहुधा नव्हे. तो घेऊन आम्ही काटेवाडीस गेलों. वृद्ध गृहस्थांनीं तो उघडला, सांध्याचा आवाज ऐकला, आणि अंगठ्याच्या पेरावर धार आडवी, अगदीं हलकी टेकवून पाहिली. मग आपल्या डोक्याचा एक पांढरा केंस उपटून, चिमटींत धरून तो धारेवर सोडला. केंस अडकला, वांकला, पण तुटला नाहीं. आमचें तोंड उतरलें. ते म्हणाले, "दगडाचें काम झालें आहे. पट्ट्याचें राहिलें." त्यांनीं नातवास पट्ट्याचें एक टोंक धरावयास लाविलें. त्यांचे हात एरवीं कांपतात. परंतु पट्ट्यावर वस्तरा फिरूं लागला तेव्हां ते कांपत नव्हते. साठसत्तर फेऱ्या झाल्या. दुसरा केंस धारेस लागला मात्र, आणि निःशब्दपणें दोन तुकडे होऊन पडला.

नातू म्हणाला, "मला येईल काय हें?" वृद्ध गृहस्थांनीं पट्ट्याची टोंकें बदलून घेतलीं, एवढेंच त्यांचें उत्तर.

तो वस्तरा आतां पुन्हा त्याच धोकटींत आहे. मात्र धोकटी माळ्यावर नसून घरांतल्या फळीवर आहे. निळें पडलेलें पहिलें पातें आमच्या मेजावर असतें. कोणतेंही काम घाईनें उरकण्याचा मोह झाला कीं, आम्ही त्याकडे एकदां पाहतों. विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत आपल्या घरचा माळा एकदां पाहा. वस्तरा नसेल, तर पायली असेल, अडकित्ता असेल, आजीची विळी असेल. तिचा गंज काढण्यापूर्वीं आजीजवळ बसून ती कोणीं आणली, कोणीं वापरली, हें विचारून घ्या. पोलादाचा गंज दहा वर्षांनींही निघेल. आठवण सांगणारें माणूस मात्र तोंवर थांबेलच असें नाहीं.